एमिलच्या नावाची मिस्सा

अजमान,
७ सप्टेंबर २०२५

सेलिन पोरी,

आजीचा आशीर्वाद घे आणि आधी अंगात स्वेटर घाल. तुझ्या फोटोत मला तुझा गळा उघडा दिसला.

तुझं पत्र मिळालं. इथे घरोघर पोस्टमन येत नाही, म्हणून तू ते बापाच्या हॉटेलच्या पोस्ट बॉक्सवर टाकलंस, ते बरं केलंस. जेरार्डने ते दुबईच्या मरीनावरून एवढ्या ट्रॅफिकमधून आणलं, माझ्या चष्म्याशेजारी ठेवलं आणि हात धुवायला गेला. कोणाचं, कुठून, एक शब्द नाही. जसं काही वीजबिल आलंय. पाकिटावरचं अक्षर त्याला ओळखता येत नाही होय? सुट्टीवर भुईगावला आला की तोच तुला ओट्यावर बसवून गिरवून घ्यायचा.

फोनपेक्षा हे मला आवडलं. फोनवर तू 'हां आजी, हां आजी' करतेस आणि मागे भांडी घासल्याचा आवाज येतो. आणि ह्या घरात एक हॉल, एक बेडरूम. मी शिंकले तरी भिंतीपलीकडून शेजारची उमैमा दुवा देते. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, चुका काढत बसू नकोस.

आता एक सांगते ते ऐक. दोन वर्षं झाली. तू सिलिकॉन ओएसिसची ती कम्प्युटरची नोकरी टाकून जर्मनीला फाटके सिनेमे शिवायला गेलीस, तेव्हापासून त्याने तुझ्याशी अबोला धरलाय. त्या कंपनीच्या साहेबाला भेटायला तो स्वतः टाय लावून गेला होता, हॉटेलात दुसऱ्यांच्या लग्नाची टेबलं मांडणारा माणूस. त्याचं तोंड पडलं. तू गेलीस तशी निरोप न घेता गेलीस, तेही त्याला लागलं. मला त्याचंही कळतं, तुझंही कळतं, पण मी काय तुमचं कोर्ट नाही. मला डोळे मिटायच्या आधी ह्या हॉलमध्ये तुम्हा बापलेकीचं बोलणं ऐकायचंय. भांडलात तरी चालेल. रडून लिहीत नाही, नुसतं सांगते.

आणि तो कोण एमिल? दोन पानांत तू त्याचं नाव बारा वेळा घेतलंस. पहिल्यापासून सांग. मला अर्धवट गोष्ट चालत नाही.

तुझी आजी


पॉट्सडाम,
२१ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,

स्वेटर घातलाय. प्रॉमिस.

तुझं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून हसले. पप्पांचं वाचून नाही. त्यांचं वाचून मी तो भाग परत वाचला, एवढंच सांगते. मी फोन करायचा म्हटलं तर तीन वेळा केला, आजी. उचलून ते मम्मीच्या हातात देतात. 'घे, तुझा आहे.' आता माझी हिंमत होत नाही.

एमिल कोण ते ऐक. एमिल हॉर्स्टमान हा इथला मूकपटांचा डायरेक्टर. म्हणजे पडद्यावर माणसं दिसतात, हलतात, पण त्यांचा आवाज नाही. घड्याळजीचा मुलगा. बापाला वाटत होतं दुकानात बसावं, पण हा नाटक कंपनीत पडदे रंगवायला पळाला. मग लढाई आली, तिकडे गेला. परत आला तेव्हा म्हणे कोणाशी फार बोलायचा नाही, आणि त्याच वर्षी सिनेमात शिरला.

तेव्हा कॅमेरा तीन पायांवर एका जागी उभा असायचा आणि माणसं त्याच्यासमोर येऊन नाटक करायची. एमिलने तो कॅमेरा उचलला आणि लहान बाळाच्या ढकलगाडीत ठेवला. गाडी ढकलली. बस! पडदा चालायला लागला. पुढे त्याने तो सायकलला बांधला, दोरीला लटकवला, होडीत ठेवला. मूकपटात मधेमधे अक्षरांच्या पाट्या यायच्या, कोण काय म्हणालं ते सांगणाऱ्या. एमिलने त्या काढून टाकल्या. तो म्हणायचा, चेहरा नीट दाखवला तर पाटी लागत नाही.

त्याचा सगळ्यात मोठा सिनेमा एका नावाड्याचा. नदीवर पूल होतो आणि त्याच्या होडीत कोणी बसेनासं होतं. एकही पाटी नाही. तो बघायला दुसऱ्या देशांतून डायरेक्टर आले, आणि आपापल्या घरी जाऊन त्यांनीही कॅमेरे उचलले. आज तू टीव्हीवर जे काही पळताना बघतेस, त्यात कुठेतरी एमिलची ती ढकलगाडी आहे.

त्या नावाड्याच्या सिनेमाची सडत चाललेली रीळं जोडायचं काम माझ्याकडे आलंय. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी आणि एमिल एका अंधाऱ्या खोलीत असतो. मला त्याच्याशिवाय आता दुसरं काही सुचत नाही. बायको त्याला सोडून गेली होती. प्यायचा. तरी मला तो आवडतो.

मम्मीच्या टॅबवर नावाड्याचा शेवटाकडचा तुकडा पाठवलाय. बघ आणि सांग.

तुझी,
सेलिन


अजमान,
५ ऑक्टोबर २०२५

सेलिन पोरी,

नावाडी बघितला. तुझ्या मम्मीने, सँड्राने, नाइट ड्युटीला जायच्या आधी टॅब लावून दिला. चांगला आहे. कोणी बोलत नाही म्हणून लक्ष लागतं. बोलत नाही तसा तुझा बापही, पण त्याला बघायला कोण तिकीट काढेल? होडीवाल्याची बायको चुलीपाशी बसते तिथे तिच्या लुगड्याला राख लागलेली दाखवलीय ना, तो माणूस मला तिथे पटला. स्वयंपाकघरात कधी उभा राहिलेला दिसतो.

तुझ्या एमिलच्या गोष्टी मी जेवताना सांगते. सँड्रा दवाखान्यात, मग मी आणि जेरार्ड दोघंच टेबलावर. तो काय बोलायचा नाही, मग मीच बोलते. म्हटलं, सेलिनचा एमिल घड्याळजीचा पोरगा, बापाचं दुकान सोडून पळाला. चमचा थांबला त्याचा. म्हटलं, बायको सोडून गेली त्याला. म्हटलं, सेलिन म्हणते दिवसभर दोघं एका अंधाऱ्या खोलीत असतो, मला दुसरं काही सुचत नाही. तर उठून बाल्कनीत गेला. एवढ्या उकाड्यात! ह्याला सिनेमाचा एवढा राग. पोरीने केलं की सिनेमा वाईट, आणि स्वतः सोफ्यावर लोळून क्रिकेट बघतो तो कसला धर्म?

पण दुसऱ्या दिवशी कालवणात भात कालवता कालवता मला म्हणतो, "वय काय त्याचं?"

मी म्हटलं, चाळिशीचा असेल. (नावाड्याच्या वेळी तेवढाच होता ना गं?)

"पितो का?"

"पितो. जर्मन आहे."

"आपल्यातला आहे का? कॅथलिक?"

मी म्हटलं, ते पत्रात नाही. विचारते.

तर सांग, कॅथलिक होता का. दोन वर्षांनी तुझ्या पत्रातलं काहीतरी त्याच्या तोंडात आलंय. ते मला तोडायचं नाही. पुढचं लवकर लिही. परवा तर पत्र आणलं तेव्हा पाकीट हातात तोलत होता, लिफ्टमध्ये. मला वाटतं, किती पानं आहेत बघत होता.

आणि भाताची पेज पीत जा. ब्रेडने माणूस वाळतो.

तुझी आजी


पॉट्सडाम,
१८ ऑक्टोबर २०२५

प्रिय आजी,

पप्पांनी खरंच विचारलं? 'आपल्यातला आहे का' असं? मी ती ओळ इथल्या माझ्या मैत्रिणीला भाषांतर करून सांगितली. तिला त्यात रडण्यासारखं काय ते कळलं नाही.

हो, कॅथलिक होता. बाप्तिस्म्याचा दाखला मी बघितलाय. राखेचं सांगितलंस ते मी माझ्या सरांना सांगितलं. ते म्हणाले हे कुठल्याच पुस्तकात नाही.

आता पुढचं. नावाड्यानंतर अमेरिकेने त्याला बोलावलं. बोटीने गेला. तिथे बंगला, मोटार, सगळं. पण तिथले मालक म्हणाले, शेवट गोड कर. त्याने एका सिनेमाला दोन शेवट केले, एक त्यांचा आणि एक स्वतःचा. त्याचा स्वतःचा कोणी दाखवलाच नाही. आणि मग आला आवाज. सिनेमा बोलायला लागला. लोक खूश झाले, एमिल नाही. तू म्हणशील हट्टी. पण कारण ऐक. तेव्हाचा कॅमेरा फार घरघर करायचा, ती घरघर माइकमध्ये यायची, म्हणून कॅमेऱ्याला काचेच्या खोक्यात कोंडला. ज्याला एमिलने चालायला शिकवलं होतं, तो परत एका जागी खिळला. एमिल म्हणाला, मला नाही जमणार. आणि परत आला.

त्यानंतर एकही सिनेमा नाही. एका भाड्याच्या खोलीत राहायचा. त्याच्याकडून शिकलेले लोक मोठे झाले, तो कोणाला आठवेना. १९३४च्या हिवाळ्यात गेला. मागे कोणी नव्हतं. मी त्याचं थडगं शोधायला गेले, तर तेही नाही. इथे थडग्याची जागा मुदतीवर असते. मुदत संपली, पुढे कोणी विचारायला आलं नाही, जागा दुसऱ्याला दिली. आता तिथे एका दंतवैद्याचं नाव आहे.

नावाडी मात्र राहिला. डिसेंबरमध्ये आमची जोडलेली प्रिंट दाखवणार आहेत, मोठ्या पडद्यावर. माझं नावही शेवटी असेल, बारीक अक्षरात.

बघ, ते मी पप्पांना सांगू शकत नाही.

तुझी,
सेलिन


अजमान,
२८ ऑक्टोबर २०२५

सेलिन पोरी,

चार ओळीच लिहिते, हात दुखतोय.

मागे कोणी नाही, थडगंसुद्धा नाही, हे काय बरोबर नाही. आपल्याकडेही खड्डा परत खणतात, पण नोव्हेंबर आला की माणसाचं नाव तरी घेतात. ह्या रविवारी मृतांचा दिवस. शारजाच्या चर्चमध्ये आपल्या वसईकरांची मराठी मिस्सा आहे. आपल्या मेलेल्यांची नावं पाकिटात घालून द्यायची, फादर वेदीवरून वाचतात. मी तुझे आजोबा पास्कू, माझी बहीण रेमेद, आणि त्यांच्याखाली तुझा एमिल घातलाय. तू एवढे दिवस त्याच्या जिवावर जेवतेस, आपलाच झाला. पास्कूला विचारलं नाही, पण तो कोणाला जागा द्यायला कधी नाही म्हणाला नाही.

डिसेंबरचं मी तुझ्या बापाला सांगेन, वेळ बघून.

तुझी आजी


पॉट्सडाम,
३ नोव्हेंबर २०२५

आजी,

काल पप्पांचा फोन आला.

मी स्टेशनवरच्या दुकानात होते, रविवारी इथे तेवढंच उघडं असतं, हातात बटाट्यांची पिशवी. स्क्रीनवर 'पप्पा' दिसलं आणि मला वाटलं तुला काहीतरी झालं. मी उचलला आणि 'आजी?' म्हणून ओरडले. ते म्हणाले, "आजी बरी आहे. तू जेवलीस का?"

मी म्हटलं, नाही अजून.

मागे गाड्यांचे हॉर्न. मग म्हणाले, "सेलिन, मला सांगायला हवं होतंस. मी काय एवढा वाईट आहे का?" मला काही कळेना. ते म्हणाले, "चांगला माणूस होता, आईने सांगितलंय मला. प्यायचा वगैरे ते जाऊ दे. चाळीस हे काय जायचं वय आहे? तू तिथे एकटी राहू नकोस. मी तिकीट काढतो, घरी ये. नाहीतर मी येतो. सुट्टी मागतो. तू फक्त सांग."

"पप्पा, कोण गेलं?"

"एमिल," म्हणाले. त्यांचा आवाज फाटला गं. "फादरनी आत्ता नाव वाचलं."

तुझं पत्र अजून आलं नव्हतं, मला मिस्सेचं काही ठाऊक नव्हतं. मी तोंडावर हात दाबला. हसू दाबायला दाबला होता. पण त्यांना वाटलं मी रडते, आणि ते रडायला लागले. माझे पप्पा, आजी. मग मीही खरंच रडायला लागले. बटाटे खाली पडले. एक बाई ते गोळा करून देत होती आणि जर्मनमध्ये विचारत होती, कोणी वारलं का.

मी थोडा वेळ खरं सांगितलं नाही. दोन मिनिटं असेन तशीच. कोणीतरी दोन वर्षांनी डोक्यावर हात ठेवावा आणि तो हलू नये म्हणून गप्प बसावं, तसं. मग म्हटलं, "पप्पा, एमिल १९३४मध्ये गेला. तो सिनेमाचा डायरेक्टर होता. मी त्याची फिल्म जोडते. मी त्याला कधी बघितलेलंसुद्धा नाही."

तिथेच फोन कट.

मी चार वेळा लावला. उचलला नाही. आजी, त्यांना माणसांसमोर लाज वाटली की ते कसे होतात तुला माहितीये. आता ते कधीच बोलणार नाहीत. मी असंच खोटं रडत राहायला हवं होतं का?

सेलिन


अजमान,
१६ नोव्हेंबर २०२५

सेलिन पोरी,

तुझं पत्र मिळालं तेव्हा ते शिळं झालेलं होतं, तरी उत्तर देते, कारण तुम्ही दोघं फोनवर सगळं सांगून मोकळे होता आणि म्हातारीला कोणी विचारत नाही.

आधी माझी बाजू. मिस्सेत तो माझ्या शेजारी बसला होता. फादरनी पास्कू म्हटलं, रेमेद म्हटलं, मग अडखळत अडखळत एमिल हॉर्स्टमान म्हटलं. जेरार्डने माझा दंड असा धरला की बांगडी रुतली. "आई, कधी?" मी म्हटलं, बरीच वर्षं... पुढे मला बोलू दिलं नाही, मागच्या बाकावरची दर्शना शुक शुक करायला लागली. "आणि मला कोणी सांगितलं नाही?" मी म्हटलं, तुला त्याचं नाव निघालं की बाल्कनी लागते, तुला काय सांगायचं? तर कम्युनियन न घेता पार्किंगमध्ये गेला. मला वाटलं पोट बिघडलं. मला काय ठाऊक, हा एवढे दिवस मेलेल्या माणसाला जावई करून बसलाय! आणि मेल्याचं वय, धर्म, पिणं, सगळं चौकशी करून झालेलं. चेहऱ्यावरनं तर मनातून हो म्हणत आला होता, असं मला आता वाटतं.

गाडीत परत येताना शारजा संपता संपता म्हणाला, "तुम्ही दोघींनी माझं गाढव केलंत." मी म्हटलं, गाढव तू स्वतः झालास, सरळ पोरीला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्यावर सिग्नलला एवढा हॉर्न मारला की पुढचा पठाण उतरून भांडायला आला, 'क्या हुआ हबीबी?' ह्याच्याकडे बघून परत आत बसला.

मग घरात तोंड बंद. आता माझ्याशीही. मी स्वयंपाक केला, वाढला, उचलला. मनात म्हटलं खलास, माझ्याच पाकिटाने हे शेवटचं दार लावलं. तुला वाटलं तेच मलाही वाटलं, लपवत नाही.

पुढच्या शनिवारी भर दुपारी सँड्रा कचरा टाकायला खाली गेली ती धापा टाकत वर आली. "आई, जेरार्ड गाडीत बसलाय. एसी लावून. टॅबवर काहीतरी बघतोय." मला टॅब सापडत नव्हता तो का, हे तेव्हा कळलं. मी चप्पल घातली, लिफ्टने उतरले. मला बघून त्याने काच खाली केली. मी म्हटलं, सरक. आत बसले. नावाडी चालू होता. आम्ही शेवटपर्यंत बघितला. पूल झालाय, लोक वरून जातायत, आणि हा म्हातारा रोज रिकामी होडी घेऊन पलीकडे जातो, तिथे थोडा थांबतो, परत येतो.

संपल्यावर जेरार्ड म्हणाला, "कोणी बसत नाही तर रोज का नेतो?"

मी म्हटलं, मला काय विचारतोस? जिने शिवलाय तिला विचार.

तेवढंच मी केलं. टॅब मांडीवर तसाच ठेवून त्याने फोन काढला. तू उचललास. त्याने 'जेवलीस का' पण विचारलं नाही, सरळ विचारलं, "तो होडी रोज का नेतो?" तू काय उत्तर दिलंस ते मला ऐकू आलं नाही, पण ते लांबलं. मी खाली उतरले. वॉचमन मला म्हणाला, अम्मा, गाडी चालू ठेवून साहेब बसलेत, पेट्रोल जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

मला तुमचं बोलणं हॉलमध्ये ऐकायचं होतं, तुम्ही पार्किंगमध्ये केलंत. चालेल.

आता माझा राग ऐक. रात्री जेवताना जेरार्ड म्हणाला, एमिलला मुलगी होती. मला तू लिहिलंस मागे कोणी नव्हतं, आणि बापाला सांगितलंस मुलगी होती! म्हणतो, ती बोलपटाच्या कंपनीत कामाला लागली म्हणून बापाने तिच्याशी बोलणं टाकलं. तो वाट बघत राहिला की ती येईल, ती वाट बघत राहिली की तो बोलावेल. तो गेला ते तिला पेपरमध्ये कळलं. हे सगळं सांगून जेरार्डने भात तसाच ठेवला आणि ताट धुवायला उचललं. मी म्हटलं, आधी जेव. जेवला.

का लपवलंस ते मला कळलं. मला दुखेल म्हणून नाही, त्याला लागेल म्हणून. मी रोज पत्र त्याच्यासमोर मोठ्याने सांगते, हे तुला ठाऊक झालं होतं. बरं केलंस. पण पुन्हा मला अर्धी गोष्ट पाठवू नकोस.

डिसेंबरला तो येतोय. सुट्टी मिळाली. त्याच्यासाठी उबदार बनियन मी सँड्राला घ्यायला सांगितलंय, तुझ्यासाठी सुके बोंबील त्याच्या बॅगेत तळाशी घालते, आणि त्याला सांगत नाही. तुझं नाव बारीक अक्षरात असलं तरी त्याला चष्मा लावून बघायला लाव.

एक काम आहे. नोव्हेंबर अजून संपला नाही, शेवटच्या रविवारी परत मराठी मिस्सा आहे. जेरार्डने स्वतः पाकीट आणलंय. त्यावर त्याने एमिल हॉर्स्टमान लिहिलंय आणि खाली एक ओळ कोरी सोडलीय. एमिलच्या पोरीचं नाव त्याला विचारायचं राहिलं. पत्राने कळवू नकोस, उशीर होईल. फोन करून बापालाच सांग. दोघांची नावं एकापाठोपाठ वाचून घ्यायचीत म्हणतो.

पाकीट फ्रिजवर आहे. त्याने अजून चिकटवलं नाही.

तुझी आजी